कॅम बदललेली व्ही-एट यूट विकताना

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. गाडी २००८ ची, होल्डन या ऑस्ट्रेलियन कंपनीची व्हीई एसएस यूट (पुढे कार, मागे सामानाचा हौदा), सहा लिटर व्ही-एट, मॅन्युअल, १ लाख ७२ हजार किलोमीटर चाललेली. केलेलं काम: कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), हेडर (इंजिनाला लागूनच्या एक्झॉस्टच्या नळ्या), अडीच इंची दुहेरी एक्झॉस्ट, रेडिएटरवरून जाणारा इनटेक (हवा आत घेणारा मार्ग), त्यावर ट्यून (इंजिनाच्या संगणकातली मांडणी), खाली बसवलेलं सस्पेन्शन आणि वीस इंची चाकं. डायनोचा (ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) कागद चाकांपाशी २९५ किलोवॅट दाखवतो. सगळं मिळून सोळा हजार डॉलर गेले. मेलबर्नमधल्या एका डीलरने मात्र काहीच न केलेल्या यूटपेक्षाही कमी आकडा तोंडावर फेकला. आता सगळं उतरवून गाडी मूळ रूपात आणावी की आहे तशी विकावी, आणि विकायची तर कशी?

मी एकोणीस वर्षं इथल्या गॅरेजात काढली, त्यातली बरीचशी याच एलएस घराण्यातल्या (जनरल मोटर्सच्या व्ही-एटच्या) इंजिनांवर वाकून. अशा गाड्या विकायला मदत केली, विकत घेण्याआधी तपासून दिल्या, आणि एक स्वतःची मूर्खासारखी विकली. म्हणून जरा लांबलचक लिहितो.

आधी त्या डीलरबद्दल. त्याच्यावर चिडू नका. तो गाडी विकतो तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक कायद्याची जबाबदारी त्याच्या गळ्यात येते. गाडी जुनी असली, ठरावीक मुदतीच्या वॉरंटीतून सुटली असली, तरी 'विकलेली वस्तू दर्जाची असली पाहिजे' हे बंधन त्याला चुकत नाही. कोणी कॅम घातला, कशी ट्यून केली, आधीच्या मालकाने किती पिळली, यातलं त्याला काहीच ठाऊक नसतं. उद्या इंजिनातून टकटक सुरू झाली तर गिऱ्हाईक त्याच्या दारात उभं राहणार. मग तो काय करतो? भीतीची किंमत काढतो आणि भावातून वजा करतो. शिवाय अशी गाडी तो बहुधा स्वतःच्या दुकानात ठेवतच नाही, सरळ लिलावात ढकलतो, म्हणजे लिलावाचा खर्चही तुमच्याच भावातून जातो. तेव्हा डीलरचा रस्ता सोडा. ही गाडी माणूस माणसाला विकतो, तशीच विकायची.

तो माणूस कोण, हे आधी डोक्यात स्पष्ट हवं. यूट ही गाडी जन्मापासून दोन जिवांची आहे. १९३२ मध्ये व्हिक्टोरिया राज्यातल्या एका शेतकऱ्याच्या बायकोने फोर्डला पत्र लिहिलं, की रविवारी चर्चला जाता येईल आणि सोमवारी डुकरं बाजारात नेता येतील अशी एक गाडी द्या. जिलाँगच्या कारखान्यातल्या लू बँट या तरुण डिझायनरने ती आखली आणि १९३४ मध्ये ती रस्त्यावर आली. पुढे कार आणि हौदा यांच्या या संसारात व्ही-एट घुसलं, तरी गिऱ्हाईक आजही दोनच प्रकारचं आहे. एकाला हौद्यात हत्यारं, शिडी, सिमेंटची पोती टाकायची असतात. त्याला तुमची खाली बसवलेली गाडी नको, जड क्लच नको, हायवेला कान किटवणारा एक्झॉस्ट नको. दुसऱ्याला हौद्याशी घेणंदेणं नसतं, झाकणसुद्धा कधी उघडत नाही. तुमचा माणूस हा दुसरा. पहिल्याला खूश करण्यासाठी गाडीवर हजार-दोन हजार खर्च केलेत तर ते वाया जातील, आणि दुसरा मात्र 'अरे, काढलं का सगळं?' म्हणून निघून जाईल.

(तिसराही एक असतो: ज्याला फक्त इंजिन आणि ट्रेमेकचा सहा गिअरचा डबा हवा असतो, दुसऱ्या कुठल्या तरी गाडीत बसवायला. तो फार गोड बोलतो, पटकन रोख देतो आणि भाव भंगारवाल्याच्या जवळचा लावतो. शेवटचा पर्याय म्हणून त्याचा नंबर ठेवून द्या.)

आता तुमचा मुख्य प्रश्न, काय काढायचं. माझं उत्तर अर्धवट वाटेल पण तेच खरं आहे: जे पान्याने एका दुपारी निघतं ते काढा, ज्यासाठी इंजिन उघडावं लागतं त्याला हात लावू नका.

चाकं काढा. मूळची एसएसची अलॉय तुमच्याकडे असतील तर ती चांगल्या टायरसकट चढवा आणि वीस इंची वेगळी विका. चाकांची आवड मिशीसारखी असते, ज्याची त्यालाच शोभते. गाडीवर राहिली तर निम्म्या लोकांना नकोशी, वेगळी विकली तर हवी असलेला माणूस नेमकी शोधत येतो. सस्पेन्शनच्या स्प्रिंगांचंही तेच, पण त्याला आणखी एक कारण आहे. व्हीईचं मागचं सस्पेन्शन खाली बसवलं की चाकं वरून आत झुकतात आणि टायरची आतली कड खाल्ली जाते. बाहेरून बघाल तर नक्षी भरपूर शिल्लक दिसते. गेल्या वर्षी एका गिऱ्हाइकाबरोबर गाडी बघायला गेलो होतो. विकणारा इंजिनाचं कौतुक सांगत होता. आमचा माणूस काही न बोलता मागच्या चाकाशी उकिडवा बसला, हात टायरच्या आतल्या बाजूला घातला आणि बोटं वर आणून दाखवली. रबराची काळी भुकटी, आणि एका बोटाला तारेचा ओरखडा. पुढचा अर्धा तास इंजिनाचा विषयच निघाला नाही. तो उकिडवा बसण्याआधी तुम्ही बसा.

कॅम राहू द्या. परत मूळचा घालायचा म्हणजे रेडिएटर, पुढचा बॅलन्सर, टायमिंगचं कव्हर, साखळी सगळं उतरवायचं, वर पुन्हा ट्यून. एवढा खर्च करून हाती काय, तर पावणेदोन लाख चाललेली एक साधी यूट, जिचं इंजिन दोनदा उघडलंय. हेडरही राहू द्या, मात्र कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारे डबे) जागेवर आहेत याची खात्री करा. नसतील तर गाडी रस्त्याच्या नियमात बसत नाही, आणि ती तशी विकणं म्हणजे आपला दंड दुसऱ्याच्या खिशात सरकवणं. कन्व्हर्टर बसवून घ्या, यात पर्याय नाही.

इनटेकबद्दल एक धोक्याची सूचना. तो काढून मूळचा एअरबॉक्स (हवेच्या फिल्टरचा डबा) लावायला पाच मिनिटं लागतात, म्हणून पुष्कळांचा हात शिवशिवतो. पण गाडी ट्यून झाली आहे ती या इनटेकवर. हवा मोजण्याचा हिशेब, कधीकधी एअर मीटरच काढून टाकलेला, हे सगळं संगणकात त्या डब्याप्रमाणे लिहिलेलं असतं. ट्यून तशीच ठेवून डबा बदलला की पेट्रोलचं प्रमाण बिघडतं. एका गृहस्थांनी अगदी हेच केलं, विक्रीच्या आदल्या संध्याकाळी. सकाळी गिऱ्हाइकासमोर गाडी सिग्नलला बंद पडली, पुन्हा सुरू झाली, पुन्हा बंद. गाडी ठणठणीत होती, पण हे आता कोणाला पटणार? इनटेक आणि ट्यून ही जोडी. ठेवायची तर दोन्ही, काढायची तर दोन्ही.

काढलेली आणि जपून ठेवलेली मूळ सामग्री हा या विक्रीतला सगळ्यात दुर्लक्षित ऐवज आहे. मूळचा एअरबॉक्स, मूळचे मॅनिफोल्ड, मूळचा कॅम, स्प्रिंगा, सायलेन्सर, जे काही शेडमध्ये असेल ते बाहेर काढा, पुसा, एका चादरीवर मांडा आणि फोटो काढा. मी माझी पहिली यूट विकली, फोर्ड फाल्कनची टर्बो, तेव्हा मूळचा सायलेन्सर आधीच भंगारात दिला होता. जागा अडत होती म्हणून. घेणाऱ्याला गाडी पसंत होती, पण पोलिसांनी आवाजावरून नोटीस दिली तर परत काय लावायचं, हा त्याचा प्रश्न रास्त होता. त्याने त्या एका सायलेन्सरच्या नावाखाली जेवढे पाडले, तेवढ्यात मी सहा महिने गोदाम भाड्याने घेऊ शकलो असतो.

आता कागद. माझ्या मते तुमच्या सोळा हजारांतला जो काही भाग परत येईल तो कागदांमुळे येईल, किलोवॅटमुळे येणार नाही. कारण समजून घ्या. जाणकार घेणारा 'कॅम आहे' हे ऐकून आनंदतो आणि लगेच घाबरतोसुद्धा. एलएस इंजिनात कॅम घालायला हेड काढावी लागत नाहीत. रॉकर आणि पुशरॉड काढायचे, कॅम फिरवून लिफ्टर (कॅम आणि पुशरॉड यांच्यामधले छोटे दट्टे) वर ढकलायचे, ते आपल्या प्लास्टिकच्या ट्रेमध्ये अडकून राहतात आणि कॅम पुढून ओढून घ्यायचा. सोय आहे, आणि ग्यानबाची मेख तिथेच आहे: लिफ्टर बदलायचे तर मात्र दोन्ही हेड उतरवावी लागतात, म्हणून स्वस्तातल्या कामात जुनेच लिफ्टर राहतात. त्यामुळे तो विचारणार, लिफ्टर नवे की जुने? व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा बदलल्या का, कुठल्या, किती किलोमीटरपूर्वी? उंच कॅमवर मूळच्या स्प्रिंगा टिकत नाहीत, आणि नव्या घातल्या तरी त्या झिजणारी वस्तू आहेत. क्रँकच्या टोकाचा बोल्ट नवा घातला होता का? तो एकदाच ताणून बसवायचा असतो, परत वापरायचा नसतो. तुमच्या बिलावर तो एक बोल्ट वेगळा लिहिलेला सापडला तर फोटो काढून जाहिरातीतच टाका. काही डॉलरची वस्तू, पण काम करणारा हात कसा होता ते त्यावरून कळतं.

तेव्हा गॅरेजमध्ये जा आणि जुनी बिलं मागून घ्या. ट्यूनरकडून कॅमची माहितीपत्रिका, डायनोचा कागद, आणि जमल्यास मूळची आणि सध्याची अशा दोन्ही ट्यूनच्या फाइल. ऑइल बदलल्याच्या तारखा. आणि इंजिनिअरचं प्रमाणपत्र. व्हिक्टोरियात इंजिनची ताकद किंवा सस्पेन्शन ठरावीक मर्यादेपलीकडे बदललं तर 'व्हॅस' योजनेखालच्या अधिकृत इंजिनिअरची मान्यता लागते. देशभरचे तांत्रिक नियम 'व्हीएसबी १४' या संहितेत आहेत, पण अंमलबजावणी प्रत्येक राज्याची वेगळी. तुमच्या प्रश्नात या प्रमाणपत्राचा उल्लेख नाही, म्हणून मला शंका येते की ते नाही. नसेल तर जाहिरात टाकण्याआधी अशा इंजिनिअरला गाडी दाखवा आणि काय लागेल ते विचारा. कधी थोडक्यात भागतं, कधी तो चार गोष्टी बदलायला सांगतो. पण विमा हा घेणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो, आणि न कळवलेल्या, मान्यता नसलेल्या बदलांवर विमा कंपनी दावा नाकारू शकते, हे त्यालाही ठाऊक असतं.

रोडवर्दी सर्टिफिकेट ही वेगळी गोष्ट, दोन्हीत गल्लत करू नका. ते परवानाधारक तपासनीस देतो आणि गाडी त्या दिवशी रस्त्यावर सुरक्षित आहे इतकंच सांगतं. नोंदणी चालू ठेवून गाडी दुसऱ्याच्या नावावर करायची तर व्हिक्टोरियात ते लागतं, आणि ते ३० दिवसांपेक्षा जुनं चालत नाही. म्हणून आधी घाईने काढू नका. गिऱ्हाइकं फिरकेपर्यंत महिना संपतो आणि पैसे दोनदा जातात. मात्र तपासणी आधी करून घ्या. व्हीईमध्ये पुढच्या सस्पेन्शनच्या रेडियस रॉडचे बुश हमखास जातात, आतलं तेल गळून काळे डाग दिसतात. प्रॉपेलर शाफ्टचे रबरी जोड बघा. टायर मडगार्डच्या बाहेर डोकावत नाही ना, आणि गाडीच्या खालचा सगळ्यात लोंबता भाग जमिनीपासून १०० मिलिमीटरच्या आत तर आला नाही ना, तेही मोजा. हेडर घातलेल्या, खाली बसवलेल्या गाडीत तो भाग बहुधा हेडरची जोडणीच असते. नंबरप्लेट परत करून, नोंदणीविना विकायचीही मुभा आहे, पण मग चालवून बघायची सोय जाते आणि भाव धाडकन पडतो. क्वीन्सलँडचा माणूस विचारत आला तर त्याच्या राज्याचे नियम वेगळे आहेत, ते त्याने पाहावेत.

भाव कसा ठरवायचा? तुमच्याच वर्षाच्या, तितक्याच चाललेल्या, मॅन्युअल आणि काही न केलेल्या एसएस यूट सध्या कितीला मागतात ते पंधरा दिवस रोज बघा. मागितलेला भाव आणि मिळालेला भाव यांत फरक असतो, म्हणून जाहिरात कधी गायब होते तेही टिपून ठेवा. तो झाला पाया. त्यावर माझा अंदाज असा, की पूर्ण कागद आणि मूळ सामग्री असलेल्या गाडीला केलेल्या खर्चाचा चौथा हिस्सा परत आला तर सौदा चांगला झाला. कागद नसतील तर शून्य धरा, आणि कधीकधी शून्याच्याही खाली, जसं तुम्हाला डीलरने दाखवलंच. सोळा हजारांचा शोक करायचा तर आत्ताच करून टाका. ते पैसे तुम्ही गाडी चालवताना वापरलेत.

इथे कोणीतरी मलू यूटची गोष्ट सांगेल. हो, एचएसव्हीच्या (होल्डनच्या वेगवान गाड्या बनवणाऱ्या कंपनीच्या) जीटीएसआर डब्ल्यू१ मलू फक्त चार बनल्या, आणि त्यातली एक २०२१ मध्ये लिलावात दहा लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर गेली. फोर्डची यूट २०१६ मध्ये आणि होल्डनचं इथलं उत्पादन ऑक्टोबर २०१७ मध्ये थांबल्यापासून सगळ्यांनाच वाटतं की आपल्या अंगणात खजिना उभा आहे. पण त्या डब्ल्यू१ चं मोल ती दुर्मीळ आणि अस्पर्श असण्यात आहे. संग्राहकाला कारखान्यातून जशी निघाली तशी गाडी हवी असते. तुमच्या गाडीने ती वाट कॅम घातला त्या दिवशी सोडली. तुमची गाडी चालवण्यासाठी आहे, आणि चालवणाऱ्यालाच विकायची आहे.

जाहिरातीत दोष आधी लिहा. ड्रायव्हरच्या सीटची कड फाटली आहे, दुसऱ्या गिअरला थंडीत जरा अडकतं, हौद्याच्या कडेला पोचा आहे, हे पहिल्या चार ओळींत. त्यानंतर कामाची यादी, कोणी केलं, केव्हा, किती किलोमीटरवर. 'कधीच पिळली नाही' असलं काही लिहू नका; २९५ किलोवॅटचा डायनोचा कागद त्याच्याच खाली चिकटवून हे लिहिणारे मी पाहिले आहेत. किलोवॅट चाकांपाशी मोजलेले आहेत हे स्पष्ट करा. कंपनीचे २७० हे फ्लायव्हीलचे, आणि त्यातले बरेच गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलमध्ये जिरतात, तेव्हा '२९५ मधून २७० गेले, वाढले फक्त २५' असा हिशेब करणारे फोन येतील. शांतपणे समजवा किंवा फोन ठेवा. दोन डायनो एकाच गाडीला वेगवेगळे आकडे देतात, म्हणून आकड्यावरून भांडण नको.

एक व्हिडिओ मात्र जरूर टाका: रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू होताना, बोनेट उघडं, मध्ये कुठेही न कापता. कॅमचा तो अडखळत, हिंदकळत चालणारा ठेका ऐकायलाच तुमचा माणूस येणार आहे. आणि त्या ठेक्याच्या खाली लिफ्टरची बारीक टिकटिक आहे की नाही, ते तो हेडफोन लावून ऐकणार आहे. ती असेल तर आधी तुम्ही ऐका. बघायला कोणी येणार असेल तेव्हाही गाडी आधी गरम करून ठेवू नका. मी कुणासाठी गाडी तपासायला गेलो की पहिला हात बोनेटवर ठेवतो. कोमट लागलं की माझ्या मनात गाठ बसते, मग पुढे सगळं नीट निघालं तरी ती सुटत नाही.

फोटोत घर, गल्ली, नंबरप्लेट दिसू देऊ नका. या यूट चोरांच्या आवडीच्या आहेत. पहिली भेट दिवसा, घरापासून दूर, मोकळ्या जागी ठेवा.

फोन करणाऱ्यांत निम्मी पोरं पी-प्लेटवाली, म्हणजे नवशिक्या लायसन्सची असतील, हे आताच सांगून ठेवतो. टनामागे १३० किलोवॅटच्या वरची गाडी त्यांना चालवता येत नाही. तुमची मूळ रूपातच दीडशेच्या वर जाते, आणि ताकद वाढवण्यासाठी इंजिनात बदल केलेली गाडी तर त्यांना तशीही बंद. 'बाबांच्या नावावर घेतो' म्हणतील. त्यांच्याशी नीट बोला, एकेकाळी आपणही तेच होतो, पण चावी देऊ नका.

चालवून बघायला द्यायचं ते असं. आधी लायसन्सचा फोटो. तुमच्या विम्यात दुसरा ड्रायव्हर, आणि त्या वयाचा ड्रायव्हर बसतो का, हे आदल्या दिवशी फोन करून विचारून घ्या. पहिली दहा मिनिटं तुम्ही चालवा, ऑइल गरम होईपर्यंत हळू, मग एकदा व्यवस्थित दाबून दाखवा, कायद्याच्या वेगात. घेणारा याकडे बारीक बघत असतो: थंड इंजिन हा माणूस कसं वागवतो? मग त्याला द्या, तुम्ही बाजूला बसा. आधीच सांगा, टायर जाळायचे नाहीत. यात भिडेचा प्रश्न नाही. व्हिक्टोरियात पोलिसांनी 'हून' (रस्त्यावर हुल्लडबाजी करत गाडी चालवण्याविरुद्धच्या) कायद्याखाली पकडलं तर गाडी ३० दिवस जप्त होते, चालवणारा कोण होता याने गाडीला फरक पडत नाही. तुमची गाडी विक्रीला आहे आणि ती पोलिसांच्या आवारात उभी आहे, हा महिना कसा जाईल बघा.

फोर्डवाल्यांसाठी एवढंच: एक्सआर६ टर्बो किंवा एफ६ यूट असेल तर वरचं सगळं लागू आहे, फक्त कॅमच्या प्रश्नांऐवजी ऑइल पंपाच्या गिअरचे आणि व्हॉल्व्ह स्प्रिंगांचे प्रश्न येतील. पंपाला मजबूत गिअर घातले असतील तर ते बिल सगळ्यात वर ठेवा.

पैशांच्या बाबतीत दोन गोष्टी. गाडीवर कर्ज असेल तर आधी फेडा किंवा बँकेकडून फेडीची रक्कम लेखी घ्या. शहाणा घेणारा दोन डॉलर भरून पीपीएसआरवर (गाडीवर कर्ज आहे का ते दाखवणाऱ्या सरकारी नोंदवहीत) विन नंबर (गाडीचा ओळख क्रमांक) टाकून बघतोच. आणि पैसे खात्यात जमा दिसेपर्यंत चावी हातातच. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. 'तुमचं पे-आयडी खातं बिझनेसमध्ये बदलायला आधी काही रक्कम भरा' असा मेसेज आला की तो ठग समजा. पे-आयडी म्हणजे फोन नंबर किंवा ईमेलवर पैसे घेण्याची बँकेची सोय, तिच्यावर पैसे घ्यायला कोणालाही काही भरावं लागत नाही. बयाणा घेतलात तर किती, कशासाठी, किती दिवसांसाठी आणि सौदा मोडला तर परत की नाही, हे दोन ओळींत लिहून दोघांच्या सह्या.

विक्रीच्या पावतीवर सगळे बदल नोंदवा आणि 'आहे त्या स्थितीत, वॉरंटीविना' असं लिहा. खासगी विक्रीत डीलरसारखी बंधनं तुमच्यावर नाहीत, पण खोटं सांगून विकली तर तो दावा तुमच्या मागे येऊ शकतो. लिहिलेली यादी तुमचं रक्षण करते. गाडी गेल्याचं व्हिकरोड्सला (व्हिक्टोरियात गाड्यांची नोंदणी करणाऱ्या संस्थेला) त्याच संध्याकाळी ऑनलाइन कळवा. मुदत १४ दिवसांची आहे, पण मधल्या काळातले कॅमेऱ्याचे दंड तुमच्या नावावर येतील. काचेवरचा टोलचा टॅग काढायला लोक हमखास विसरतात. आवडीची नंबरप्लेट असेल तर ती आधीच उतरवून साध्या प्लेट लावून घ्या.

वेळ लागेल. साधी यूट आठवड्यात जाते, तुमचीला दोन-तीन महिने लागले तर भाव पाडायची घाई करू नका. तुम्हाला शंभर जण नकोत, एक हवा. मधल्या काळात आठवड्यातून एकदा तरी वीस मिनिटं नीट चालवा, बॅटरी उतरलेली गाडी घेऊन कोणासमोर उभे राहू नका.

आणि उद्या सकाळी जाहिरात लिहायला बसण्याआधी ट्यूनरला फोन करा. ही गॅरेजं बंद होतात, संगणक बदलतात, जुन्या फाइल उडतात. तुमच्या कॅमची पत्रिका आणि मूळची ट्यून आज त्याच्याकडे असेल तर आजच ईमेलवर मागून घ्या, मग इंजिनिअरची वेळ ठरवा.